बिअर्डेड ड्रॅगन खात नाही, दिवसभर काळवंडून पडतो: आमचं काय चुकत होतं

मेलबर्नचा जुलै, म्हणजे इथला ऐन हिवाळा. आमचा दीड वर्षाचा बंड्या (बिअर्डेड ड्रॅगन, म्हणजे पाळीव सरडा) झुरळांकडे ढुंकून बघेना. पोट काळपट, आठवडाभर शी नाही. डॉक्टरांनी तपासून आजार नाही म्हटलं. खाणं बदललं, पोटाखाली हीट पॅड ठेवला, रात्री लाल बल्ब लावला. तीन आठवडे नुसता वैताग.

शेवटी इन्फ्रारेड थर्मामीटर आणला. टाकीच्या काचेला चिकटवलेला गोल काट्याचा थर्मामीटर ३८ अंश दाखवत होता, पण बंड्या बसतो तो दगड जेमतेम ३०! शिवाय यूव्हीबीची (उन्हातल्यासारखे अतिनील किरण देणारी) नळी मी झाकणाच्या काचेवर ठेवली होती. साधी काच यूव्हीबी जवळपास सगळी अडवते, म्हणजे नळी शोभेचीच.

मग या क्रमाने केलं. आधी हीट पॅड आणि लाल बल्ब काढले. एका टोकाला पांढरा हॅलोजन बल्ब डिमरवर (बल्ब कमीजास्त करायच्या बटणावर) लावला आणि तासभर तापू दिला. दगडाचा पृष्ठभाग ४० येईपर्यंत डिमर फिरवला. दुसऱ्या टोकाला २५ राहतंय ना, तेही पाहिलं. मग यूव्हीबीची १२ टक्क्यांची टी-५ (बारीक ट्यूबलाइटसारखी) नळी टाकीच्या आत, बल्बच्याच बाजूला, मध्ये काच-जाळी काही न ठेवता; पाठीपासून अंतर ३५ सेंमी. दोन्ही दिवे टायमरवर, १२ तास. रात्री पूर्ण अंधार; घर १८च्या खाली गेलं तरच थर्मोस्टॅटवरचा, प्रकाश न देणारा सिरॅमिक हीटर.

चौथ्या दिवशी शी, सहाव्या दिवशी पाच झुरळं. नळीवर तारीख लिहून ठेवलीय. वर्षाने उजेड तोच दिसला तरी यूव्हीबी कमी झालेलं असतं, म्हणून बदलणार.