ढालीचं वर्णन लिहिताना: आधी जमीन, मग सिंह

युरोपातल्या कुलचिन्हाचं शास्त्रोक्त वर्णन, म्हणजे ब्लेझन, लिहिताना मी एकच वाचक डोळ्यांपुढे ठेवते: ज्यानं ती ढाल पाहिलेली नाही, पण जो ती रंगवणार आहे, असा चित्रकार. त्याला जे लागेल ते, ज्या क्रमानं लागेल त्याच क्रमानं लिहायचं.

तो आधी जमीन, म्हणजे ढालीची पार्श्वभूमी, रंगवणार, म्हणून पहिला शब्द जमिनीच्या रंगाचा. इंग्लिश ब्लेझनमध्ये ऑर म्हणजे सोनं आणि आर्जंट म्हणजे चांदी, हे दोन धातू. गुल्स लाल, अझ्यूर निळा, सेबल काळा, व्हर्ट हिरवा, पर्प्युर जांभळा, हे रंग. धातूवर धातू नाही, रंगावर रंग नाही. त्यामुळे ढाल लांबूनही ओळखू येते. जेरुसलेमच्या राज्याचे चांदीवरचे सोनेरी क्रॉस हा गाजलेला अपवाद.

मग मुख्य आकृती, आणि तिचा रंग तिच्या नावामागून. ‘अझ्यूर, अ बेंड ऑर’: निळ्या जमिनीवर सोनेरी तिरपा पट्टा. एवढ्याशा ढालीवरून स्क्रोप आणि ग्रोव्हनर या दोन इंग्लिश सरदारांत १३८५ पासून काही वर्षं खटला चालला. १३८६ मध्ये कवी चॉसरनं त्यात साक्ष दिली. पट्टा कुठून कुठे, हे लिहावं लागत नाही. बेंड वरून उजवीकडून खाली डावीकडे येतो. आणि उजवं-डावं नेहमी ढाल धरणाऱ्याचं, बघणाऱ्याचं नव्हे.

सिंहाला मात्र सवड द्या. मागच्या पायावर उभा तो रॅम्पंट, एक पंजा उचलून चालणारा पासंट, तोंड आपल्याकडे वळवलेला गार्डंट. इंग्लंडची राजढाल बघा: ‘गुल्स, थ्री लायन्स पासंट गार्डंट इन पेल ऑर, आर्म्ड अँड लँग्ड अझ्यूर’. लाल जमीन, तीन सिंह, चालणारे, तोंड समोर, एकाखाली एक, सोनेरी. नखं आणि जीभ निळी. मला हे वाक्य फार आवडतं, त्यात एकही शब्द फुकट नाही.

‘इन पेल’, म्हणजे एकाखाली एक, हेसुद्धा नाही. तीन आकृत्या म्हटलं की वर दोन, खाली एक, हे गृहीतच असतं. म्हणून फ्रान्सच्या जुन्या राजढालीच्या ‘अझ्यूर, थ्री फ्लर-द-लीस ऑर’मध्ये (निळ्या जमिनीवर तीन सोनेरी लिलीची फुलं) मांडणीचा उल्लेख लागत नाही.

लिहून झालं की चित्र लपवा आणि दुसऱ्याकडून ढाल काढून घ्या. लाल गडद की फिका, शेपटीला किती वळणं, हे त्याच्या मर्जीवर. पण सिंह वर दोन आणि खाली एक आले, तर तुमच्या वाक्यातून ‘इन पेल’ निसटलं आहे.