स्टार्टअपमधली डिझाइन इंटर्नशिप: या चुका टाळा

सात-आठ जणांच्या स्टार्टअपमध्ये प्रॉडक्ट डिझाइनची इंटर्नशिप मिळाली की हात शिवशिवायला लागतात. फिग्मा हे ॲपचे स्क्रीन काढायचं सॉफ्टवेअर उघडायचं, जुने स्क्रीन मोडीत काढायचे आणि सगळं नव्यानं, देखणं करून दाखवायचं! थांबा. तो ओबडधोबड स्क्रीन तसा का झाला, हे आधी विचारा. त्यामागे एखाद्या ग्राहकाची अट असते किंवा सर्व्हरची मर्यादा. सुरुवातीचे दिवस सपोर्टला आलेले व्हॉट्सॲप मेसेज वाचण्यात घालवा. लोक नेमके कुठे अडतात, ते तिथे लख्ख दिसतं.

सगळ्यात जास्त नडते ती चूक म्हणजे सगळं सुरळीतच होणार असं धरून डिझाइन करणं. दूध संकलन केंद्राचं ॲप घ्या. सकाळी कॅन घेऊन रांग लागलेली असते. ऑपरेटर दुधाचं वजन, फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) टाकतो, दर निघतो, पावती छापली जाते. गाय की म्हैस, एवढंच विचारायला ड्रॉपडाउन (दाबल्यावर उघडणारी यादी) ठेवला तर प्रत्येक माणसामागे एक टॅप वाढतो. तिथे दोन ठसठशीत बटणंच हवीत.

पण खरी कसोटी पुढे आहे. मध्येच नेट गेलं तर? फॅट 4.2 ऐवजी 42 पडलं तर? पावती आली नाही म्हणून ऑपरेटरनं पुन्हा बटण दाबलं आणि नोंद दोनदा झाली तर? हे स्क्रीन तुम्ही काढले नाहीत, तर डेव्हलपर घाईत ‘काहीतरी चुकलं’ एवढा मेसेज टाकून मोकळा होतो. आणि घोळ होतो तो शेतकऱ्याच्या बिलात. म्हणून प्रत्येक स्क्रीनसोबत रिकामी, लोडिंग, एरर आणि ऑफलाइन अवस्था काढायचीच. ‘नोंद फोनमध्ये सेव्ह झाली आहे, नेट आल्यावर पाठवली जाईल’ हे वाक्य लिहिणं हेही डिझाइनचंच काम आहे.

दुसरी चूक मला फार खटकते: इंग्रजीत डिझाइन करायचं आणि मराठी शेवटी ओतायची. ओळीची उंची कमी ठेवली की ‘विद्यार्थी’मधला रफार आणि वेलांटी वरून कापली जाते, ‘दुरुस्ती’मधल्या ‘दु’चा उकार खालून. अक्षरांमधलं अंतर वाढवलं की शिरोरेषा तुटते. शीर्षक ठळक करायला कॅपिटल अक्षरं देवनागरीत नाहीतच, तेव्हा अक्षरांच्या जाडीवर आणि आकारावरच काम भागवावं लागतं. मुक्ता किंवा नोटो सान्स देवनागरी हा फॉन्ट घ्या आणि पहिल्या दिवसापासून खरा मराठी मजकूर भरा, लांब आडनावांसकट.

कॉन्ट्रास्ट आणि बटणांचे आकार अंदाजानं ठरवू नका. साध्या मजकुरासाठी अक्षरं आणि मागचा रंग यांच्यातला कॉन्ट्रास्ट किमान 4.5:1, अँड्रॉइडवर टॅपची जागा किमान 48 डीपी (स्क्रीनवरची मापं मोजायचं अँड्रॉइडचं एकक). लॅपटॉपवर सुंदर दिसणारी फिकट राखाडी अक्षरं उन्हात, स्वस्त फोनवर गायब होतात. तेव्हा फोन घेऊन बाहेर जाऊन बघा.

चाचणी घेताना ‘आवडलं का?’ विचारलंत तर लोक भिडेखातर ‘छान आहे’ म्हणतात. त्याऐवजी काम द्या: ‘कालची नोंद दुरुस्त करून दाखवा.’ मग गप्प बसा आणि त्यांचं बोट कुठे थबकतं ते पाहा. पाच जणांकडूनही भरपूर कळतं. वापरसुलभतेचे तज्ज्ञ जेकब नील्सन यांनी 2000 सालीच हे मांडलं होतं.

डेव्हलपरला फाइल पूर्ण झाल्यावर बोलावणं हीही नेहमीची चूक. कच्चं रेखाटन असतानाच त्याच्या शेजारी जाऊन बसा. आठवड्याचं काम एका दिवसात कसं बसेल, ते तोच सांगू शकतो.

पोर्टफोलिओचं मात्र शेवटच्या दिवसावर ढकलू नका. कोणते स्क्रीन दाखवता येतील याची परवानगी ईमेलवर घ्या आणि जुने-नवे स्क्रीनशॉट, कोणता निर्णय का घेतला याच्या नोंदी काम चालू असतानाच जपून ठेवा. इंटर्नशिप संपली की कंपनीचा लॉगिन बंद होतो.