आईची फाईल पुन्हा वाचता आली

आईने २००३ साली टाइप करून घेतलेली पाककृतींची फाईल नव्या लॅपटॉपवर लिब्रेऑफिस रायटर या लेखनाच्या प्रोग्रॅममध्ये उघडली, तर सगळी इंग्रजी अक्षरं नि चिन्हं. फाईल गेली म्हणून मी घाबरलोच.

गेली नव्हती. जुने मराठी फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्याच जागी देवनागरी आकार बसवायचे; फॉन्ट नसला की खालची इंग्रजी अक्षरं उघडी पडतात. जुन्या सीडीवरून तो फॉन्ट टाकला आणि पुरणपोळी दिसली! पण शोधायला गेलं तर 'पुरण' सापडेना, कारण आत अजून इंग्रजी अक्षरंच होती. मग त्याच फॉन्टच्या कन्व्हर्टरमधून, म्हणजे रूपांतर करणाऱ्या प्रोग्रॅममधून, मजकूर युनिकोडमध्ये (देवनागरी अक्षरांना स्वतःचे संकेत देणाऱ्या आजच्या पद्धतीत) आणला. रफार सरकले होते, 'अर्धी वाटी'ची 'अधीर् वाटी' झालेली. आईला शेजारी बसवून ओळ न् ओळ तपासली. मूळ फाईल तशीच जपून ठेवली आहे.