द्रवांची परीक्षा श्राव्यातीत ध्वनीने: ठाण्यातली प्रयोगशाळा आणि टीटीसीतली नोकरी

पदव्युत्तर भौतिकशास्त्राच्या शेवटच्या वर्षी प्रकल्प निवडायची वेळ आली, तेव्हा आमच्या गटाने 'श्राव्यातीत ध्वनीच्या साहाय्याने दुधातील भेसळ ओळखणे' हा विषय घेतला. त्यामागे अभ्यासू कारण काही नव्हते. ठाण्यातल्या आमच्या महाविद्यालयात इंटरफेरोमीटर, म्हणजे द्रवातील ध्वनीचा वेग मोजायचे उपकरण, होता, दूध कळव्यात घराखालीच मिळत होते आणि प्रकल्प पंधरा दिवसांत उरकेल असा आमचा अंदाज होता. प्रत्यक्षात चार महिने लागले. पुढे ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या टीटीसी (ट्रान्स-ठाणे क्रीक) औद्योगिक पट्ट्यातल्या एका कारखान्याच्या गुणवत्ता विभागात मला नोकरी मिळाली, ती मुख्यत्वे त्या चार महिन्यांत झालेल्या चुकांमुळे. या क्षेत्रात नव्याने येणाऱ्यांना त्या चुकांचा उपयोग व्हावा म्हणून हे लिहीत आहे.

सुरुवातीलाच शब्दाचा एक घोटाळा दूर करते. वीस हजार हर्ट्झपेक्षा अधिक वारंवारतेच्या, माणसाला ऐकू न येणाऱ्या ध्वनीला श्राव्यातीत ध्वनी म्हणतात. 'स्वनातीत' हा शब्द ध्वनीपेक्षा अधिक वेगाने जाणाऱ्या विमानासारख्या वस्तूंसाठी आहे. आमच्या प्रबंधाच्या पहिल्या मसुद्यात मुखपृष्ठावरच 'स्वनातीत' छापून आले होते आणि सरांनी पुढचे पान न उलटताच तो परत केला होता.

उपकरणाचे तत्त्व सोपे आहे. धातूच्या एका छोट्या भांड्याच्या तळाशी क्वार्ट्झचा स्फटिक बसवलेला असतो. विद्युत दाब दिल्यावर असा स्फटिक आकुंचन-प्रसरण पावतो. या गुणधर्माची सरळ बाजू, म्हणजे दाबल्यावर स्फटिकावर विद्युतभार निर्माण होणे, झाक आणि पिएर क्युरी या बंधूंनी 1880 साली दाखवली होती. महाविद्यालयांत बहुधा 2 मेगाहर्ट्झचा स्फटिक असतो. त्यातून निघालेल्या लहरी द्रवातून वर जातात, वरच्या धातूच्या परावर्तक पट्टीवर आपटून परत येतात, आणि स्फटिक व पट्टी यांच्यातील अंतर अर्ध्या तरंगलांबीच्या पूर्ण पटीत आले की मायक्रोअ‍ॅमीटरचा काटा उसळी घेतो. मायक्रोमीटर स्क्रूने पट्टी हळूहळू वर न्यायची, उसळ्या मोजायच्या, एकूण अंतरावरून तरंगलांबी काढायची आणि तिला वारंवारतेने गुणायचे, की त्या द्रवातील ध्वनीचा वेग मिळतो.

30 अंश सेल्सिअसला शुद्ध पाण्यात हा वेग सेकंदाला सुमारे 1509 मीटर असतो, म्हणजे 2 मेगाहर्ट्झला तरंगलांबी पाऊण मिलिमीटरच्या आसपास येते आणि लागोपाठच्या दोन उसळ्यांमध्ये जेमतेम 0.377 मिलिमीटर अंतर असते. वीस अंतरांना साधारण साडेसात मिलिमीटर. नवशिका इथेच पहिली चूक करतो. तो पहिल्या उसळीला 'एक' म्हणतो, 'वीस' म्हणताना थांबतो आणि अंतराला वीसने भागतो. पण वीस खांबांमध्ये एकोणीसच गाळे असतात. परिणामी पाण्याचा वेग 1434 मीटर येतो. पाण्याचा खरा वेग ठाऊक असल्यामुळे ही चूक लगेच उघडी पडते, अनोळखी द्रवात मात्र ती तशीच प्रबंधात जाते. म्हणून पहिली उसळी नेहमी शून्य धरावी. स्क्रू फिरवताना मध्येच उलटी फिरकीही देऊ नये, कारण आट्यांमधील मोकळीक वाचनात शिरते आणि सगळी ओळ पुन्हा घ्यावी लागते. भांड्यात द्रव नसताना स्फटिकाला विद्युत दाब पुरवणारे जनित्र चालू करणे तर पूर्णपणे टाळावे. त्याने स्फटिकाला धोका असतो आणि नवा स्फटिक मागवायचा म्हणजे विभागप्रमुखांसमोर उभे राहणे आले.

आता दुधाची गोष्ट. आम्ही शुद्ध दूध आणि वीस टक्के पाणी घातलेले दूध असे दोन नमुने घेतले. दुधात विरघळलेली साखर, प्रथिने आणि क्षार असतात, त्यामुळे त्यातील ध्वनीचा वेग पाण्यातल्यापेक्षा साधारण वीस-तीस मीटरने अधिक असतो. पाणी घातले की तो उतरायला हवा. आमच्या वहीत शुद्ध दुधासमोर 1521 आणि पाणी घातलेल्या दुधासमोर 1529 अशी नोंद झाली. म्हणजे आमच्या मोजमापानुसार पाण्याने दूध सुधारले होते! आम्ही तीनदा मोजले, तिन्ही वेळा तेच. माझ्या मैत्रिणीने तर 'रेणूंमधील आंतरक्रिया' या नावाखाली त्याचे स्पष्टीकरणही लिहून काढले होते.

कारण सापडले ते प्रयोगशाळेतल्या मामांना. भांडे धुवायला उचलताना ते म्हणाले, "मॅडम, हे भांडं गार लागतंय, आणि तिकडं मशीन तर पस्तीस दाखवतंय." भांड्याभोवती पाणी खेळवणारी रबरी नळी टेबलाच्या कडेवर मुडपली होती आणि स्थिर तापमानाच्या टाकीतले कोमट पाणी भांड्यापर्यंत पोहोचतच नव्हते. थर्मामीटर टाकीत होता, त्यामुळे तो इमानेइतबारे 35 दाखवत होता. शुद्ध दूध आम्ही थेट फ्रिजमधून काढून ओतत होतो, तर पाणी घातलेला नमुना तासभर टेबलावर ठेवलेला असे. आम्ही भेसळ मोजलीच नव्हती, दोन नमुन्यांच्या तापमानांतला फरक मोजला होता.

या अभ्यासात तापमानाला इतके महत्त्व का, हे आकड्यांत पाहा. पाण्यातील वेग 20 अंशांना सुमारे 1482, 25 अंशांना 1497, 30 अंशांना 1509 आणि 35 अंशांना 1520 मीटर असतो, म्हणजे एका अंशाला दोन ते तीन मीटर. नळी सरळ केल्यावर आणि प्रत्येक नमुना भांड्यात वीस मिनिटे स्थिर होऊ दिल्यावर वीस टक्के पाण्याचा खरा परिणाम मिळाला, तो जेमतेम चार-पाच मीटरचा. दोन अंशांची चूक आणि पाचवा हिस्सा पाणी यांचे वजन या तराजूत सारखेच पडते. त्यात मायक्रोमीटरचे लघुतम माप 0.01 मिलिमीटर, म्हणजे वीस अंतरे मोजली तर दीड-दोन मीटरची अनिश्चितता तिथेच आली. आम्ही वीसऐवजी पन्नास अंतरे मोजू लागलो तेव्हा ती मीटरच्या आत आली. डोळे दुखतात, पण दुसरा मार्ग नाही.

ठाण्याच्या हवेचीही एक अडचण आहे, जी पुस्तके सांगत नाहीत. संदर्भग्रंथांतील बहुतेक मूल्ये 25 अंशांची असतात आणि महाविद्यालयातली साधी टाकी फक्त तापवू शकते, थंड करू शकत नाही. एप्रिल-मे महिन्यांत खोलीच मुळी 32 अंशांवर असताना ती टाकी 25 वर कशी येणार? आमच्या आधीच्या एका गटाने टाकीत बर्फ टाकून मोजमापे केली होती आणि ती एकमेकांशी कधीच जुळली नाहीत. शीतक नसेल तर सरळ 35 आणि 40 अंशांवर काम करावे. पाण्याची विश्वसनीय मूल्ये त्या तापमानांचीही उपलब्ध आहेत (40 अंशांना सुमारे 1529).

वेग मिळाल्यावर घनतेच्या बाटलीने घनता काढायची आणि दोन्हींवरून संपीड्यता, म्हणजे दाबाखाली द्रव किती दबतो याचे माप. वेगाचा वर्ग गुणिले घनता, याचा व्यस्त म्हणजे उष्णतेची देवघेव व्हायला वेळच न मिळता होणाऱ्या दाबाखालील संपीड्यता. 25 अंशांच्या पाण्यासाठी ती 4.48 गुणिले 10 चा उणे दहावा घात प्रति पास्कल येते. बहुतेक प्रबंध इथून पुढे आलेखांची रास लावतात. माझे मत विचाराल तर ती रास निम्मी केली आणि मूळ मोजमापांची पुनरावृत्ती दुप्पट केली तर प्रबंध अधिक भरवशाचा होईल.

केवळ वेगावरून द्रव ओळखता येतो, असा दावा मात्र करू नका. इथेनॉल आणि पाणी यांचेच पाहा. 25 अंशांना शुद्ध इथेनॉलमध्ये वेग सुमारे 1144 आणि पाण्यात 1497 आहे, म्हणून मिश्रणात तो सरळ रेषेत उतरत जाईल असे वाटते. प्रत्यक्षात पाण्यात थोडे इथेनॉल घातले की वेग आधी वाढतो, शिखर गाठतो आणि मगच उतरू लागतो. त्यामुळे एकाच वेगाची दोन वेगवेगळी मिश्रणे निघतात आणि दोन्हींतले तुमचे कोणते, हे घनता सांगते. दुधातही तसेच: मीठ किंवा साखर घालून पाण्याने उतरलेला वेग पुन्हा वर आणता येतो. दुधाची घनता पाहणाऱ्या लॅक्टोमीटरला फसवणारी युक्ती इथेही बरीचशी चालते, हे तोंडी परीक्षेत मी आपणहून सांगितले आणि परीक्षकांनी त्यानंतर फार छळले नाही.

तेलांचा स्वभाव उलटा असतो. तापमान वाढले की पाण्यातील वेग वाढतो (तोही 74 अंशांपर्यंतच, त्यानंतर तो घटू लागतो), तर खाद्यतेलातला वेग अंशामागे सुमारे तीन मीटरने घटतो. दुधात पाणीही आहे आणि स्निग्धांशही. म्हणून एकाच नमुन्यातील वेग दोन वेगळ्या तापमानांना मोजला, तर स्निग्धांश आणि उरलेले घनपदार्थ अशा दोन अज्ञातांसाठी दोन समीकरणे हाती येतात. दूध संकलन केंद्रांवर मिनिटभरात फॅट आणि एसएनएफ (म्हणजे हेच उरलेले घनपदार्थ) दाखवणारी जी श्राव्यातीत यंत्रे असतात, त्यांच्या कामामागे तापमानाचे हेच भान आहे. ती गायीच्या आणि म्हशीच्या दुधासाठी वेगवेगळी अंकित (कॅलिब्रेट) करावी लागतात, रोज धुवावी लागतात, आणि फेसाळ दूध घातले तर भलतेच आकडे देतात. हवेचा बुडबुडा हा श्राव्यातीत ध्वनीचा हाडवैरी आहे. आमच्या इंटरफेरोमीटरमध्येही स्फटिकावर एखादा बारीक बुडबुडा बसला की उसळ्या बुटक्या आणि वेड्यावाकड्या होत. द्रव भांड्याच्या कडेने संथपणे ओतण्याची सवय त्यातूनच लागली. एरंडेल तेलात बुडबुडा नसतानाही पट्टी वर जाईल तशा उसळ्या लहान होत जातात, पण तो दोष नव्हे, तर ते दाट तेल ध्वनी शोषून घेते त्याची खूण आहे, आणि तेही एक मोजण्याजोगे माप आहे.

नोकरीकडे वळताना एक सावधगिरी. 'अल्ट्रासॉनिक टेस्टिंग' या नावाने ठाण्यात आणि नवी मुंबईत जे अभ्यासक्रम चालतात, यूटी लेव्हल वन, लेव्हल टू वगैरे, ते जवळजवळ सगळे धातूंच्या विनाशरहित चाचणीचे, म्हणजे वेल्डिंगमधील भेगा आणि पत्र्याची जाडी शोधण्याचे असतात. ते काम चांगले आहे, मागणीही आहे. परंतु द्रवांच्या गुणवत्तेशी त्याचा संबंध थोडा. माझ्या एका वर्गमित्राने शुल्क भरल्यानंतर हे विचारले. द्रवांकडे जायचे असेल तर रबाळे, महापे, पावणे, तुर्भे या टीटीसीच्या पट्ट्यातील रसायन, रंग, औषध आणि अन्नप्रक्रिया कारखान्यांचे गुणवत्ता विभाग, तसेच उपकरणे बनवणाऱ्या आणि बसवून देणाऱ्या कंपन्या, ही खरी ठिकाणे. तिथे 'श्राव्यातीत तज्ज्ञ' अशी जागा निघत नाही. जाहिरात क्यूसी केमिस्ट किंवा इन्स्ट्रुमेंटेशन इंजिनिअर अशीच असते आणि हे काम त्याच्या पोटात येते.

माझ्या मुलाखतीत विचारलेला पहिला प्रश्न होता, "तुमच्या मोजमापातली चूक किती आणि ती कुठून येते?" मी मुडपलेल्या नळीची हकीकत सांगितली. रुजू झाल्यावर दुसऱ्याच महिन्यात तिचा उपयोग झाला. सांडपाणी प्रक्रिया संयंत्राकडे जाणाऱ्या पाइपावर बाहेरून चिकटवलेला श्राव्यातीत प्रवाहमापक होता. प्रवाहाच्या दिशेने आणि विरुद्ध जाणाऱ्या लहरींच्या वेळांतील फरकावरून तो प्रवाह काढतो. त्याचे आकडे टाकीच्या पातळीशी जुळत नव्हते आणि सगळे जण पंपाला दोष देत होते. अशा यंत्राच्या निदान-पडद्यावर द्रवातील ध्वनीचा वेगही दिसतो, पण तिथवर सहसा कोणी जात नाही. तिथे 1400च्या खालचा आकडा होता. पाइपात तीसेक अंशांचे जवळजवळ साधे पाणी वाहत असताना तो 1510च्या आसपास हवा होता. बसवताना कोणीतरी पाइपाच्या भिंतीची जाडी चुकीची भरली होती. जाडीमापकाने मोजून खरा आकडा भरला, संवेदकांमधले अंतर यंत्राने सांगितल्याप्रमाणे सरकवले, त्यांच्याखाली नवे ग्रीस लावले आणि वेग 1507 दिसू लागला. प्रवाह त्यापाठोपाठ आपोआप जुळला.

प्रकल्प सुरू करणार असाल तर पहिला आठवडा फक्त डिस्टिल्ड वॉटरला द्या. पाणी आधी उकळून, झाकून निववा, म्हणजे विरघळलेली हवा निघून जाईल. 35 आणि 40 अंशांना प्रत्येकी पाच वेळा वेग काढा. 1520 आणि 1529 यांच्या दोन मीटरच्या आत आकडा येईपर्यंत दुसरा कोणताही द्रव भांड्यात ओतू नका. त्यानंतर मिठाचे पाणी घ्या. लिटरमागे एक ग्रॅम मीठ वाढले की वेग साधारण मीटरभर वाढतो, म्हणून 10, 20 आणि 30 ग्रॅमच्या द्रावणांची पायरी स्वच्छ दिसली पाहिजे. वहीत टाकीच्या तापमानाचा आणि भांड्यातील द्रवाच्या तापमानाचा असे दोन स्वतंत्र रकाने आखा आणि दुसरा रकाना प्रत्येक वाचनाच्या आधी भरा. दूध, मध, वडापावच्या गाडीवरचे उरलेले तेल, हे सगळे त्यानंतर.