बर्फातल्या ट्रेकला बाटली उलटी ठेवा

हिवाळा सरत आला तरी डोंगरावर बाटलीचं झाकण गोठून घट्ट बसतं. हातमोजे काढून झटापट करताना बोटं बधिर होतात, आणि मग माणूस पाणी पिणंच टाळतो.

बाटली सॅकमध्ये तोंड खाली करून ठेवा. पाणी वरून गोठायला लागतं, त्यामुळे बर्फ बुडाकडे जमतो, तोंड मोकळं राहतं. निघताना कोमट पाणी भरा, बाटली जाड लोकरी मोज्यात घाला आणि बाहेरच्या जाळीऐवजी पाठीलगत ठेवा. बाटली रुंद तोंडाचीच हवी. नळीची पाणपिशवी अशा थंडीत मी नेतच नाही. नळी सर्वात आधी गोठते.

आदल्या दिवशी बाटली दहा मिनिटं उलटी ठेवून झाकण गळत नाही ना, हे नक्की बघा. सॅकमधले कोरडे कपडे भिजले तर थंडीत जिवावर बेतू शकतं.