गाणं कानाला टोचेल का? लावण्याआधी असं तपासा

भाच्याच्या वाढदिवसाला मी हौसेनं गाण्यांची यादी केली होती. सगळी हळुवार. तिसऱ्या गाण्यात बासरी थांबली, क्षणभर शांतता झाली आणि ताशा कडाडला. पोरगं कान दाबून पलंगाखाली गेलं, ते केक कापायलाही बाहेर आलं नाही. आवाज तर बेताचाच होता. तेव्हापासून मी गाण्यात आधी दचका शोधते, आवाज किती मोठा ते नंतर.

१. ज्याच्यासाठी लावायचं, त्याला विचारा

स्वमग्न मूल, अर्धशिशीचा त्रास असलेली आई, कानाच्या दुखण्यामुळे साधे आवाजही सहन न होणारे काका. प्रत्येकाचं नकोसं वेगळं असतं. "तुला कसलं संगीत चालतं?" याला धड उत्तर मिळत नाही. त्यापेक्षा घरातले आवाज विचारा. कुकरची शिट्टी नको वाटत असेल तर टिपेचे सूर टाळायचे. फुगा फुटल्यावर जीव जात असेल तर अचानक येणारे ठोके. मिक्सर असह्य होत असेल तर एकसारखा, दाट, श्वास न घेणारा वाद्यमेळ. आणि कोणी मचमच करत जेवलं की अंगावर काटा येत असेल, तर माइकला ओठ लावून कुजबुजल्यासारखी गायलेली गाणी. त्यांत ओठांचा, श्वासाचा आवाज ऐकू येतो. शांत म्हणून आपण नेमकी तीच निवडतो!

२. एकदा अख्खं ऐका, हातातलं काम सोडून

ज्या स्पीकरवर लावणार त्याच स्पीकरवर ऐका. फोनच्या चिमुकल्या स्पीकरमधून खालचे सूर जवळजवळ येतच नाहीत, त्यामुळे झांज जास्त टोचते. तेच गाणं मोठ्या स्पीकरवर लावलं की छातीत धडधड होते. आवाज साध्या बोलण्याइतका ठेवा आणि जिथे खटकेल तिथली वेळ कागदावर टिपा.

तीन जागा नीट ऐका: पहिली दहा सेकंदं, मधली प्रत्येक शांतता आणि शेवट. गाणं संपलं असं वाटून पुन्हा उसळतं, ती जागा सगळ्यात वाईट. याउलट, भजनात लय चढत जाते आणि टाळ वाढतात, तेव्हा चढ आधीच कळतो. अनेकांना तो चालतो. अर्थात टाळांची किणकिण मुळातच नकोशी असेल तर नाही.

सायरन, रडणारं बाळ, काच फुटणं, फोनची घंटी असले आवाज गाण्यात पेरलेले असतील तर तेही लिहा. हेडफोनवर ऐकणार असेल तर एका कानातून दुसऱ्या कानात पळणारे आवाजही.

३. डोळ्यांनी बघा

आपला कान सरावतो. दुसऱ्यांदा ऐकताना तोच ताशा फारसा दचकवत नाही, म्हणून स्वतःवर फार विश्वास ठेवू नका. ऑडॅसिटी हे मोफत सॉफ्टवेअर आहे, त्यात गाण्याची फाइल उघडली की आवाजाचा आलेख दिसतो. बारीक रेषेशेजारी एकदम भिंत उभी असेल तर तिथे दचका आहे. टेकडीसारखा चढ असेल तर बहुधा ठीक. सुरुवातीपासून शेवटपर्यंत लाकडी ठोकळ्यासारखा सपाट आलेख दिसला तर दचका नसेल, पण गाण्यात उसंतही नसेल. असं गाणं थकवतं.

तिखटपणा मात्र या आलेखात कळत नाही. माणसाचा कान साधारण २,००० ते ५,००० हर्ट्झच्या (हर्ट्झ म्हणजे सूर किती उंच त्याचं माप) पट्ट्यात सर्वांत तल्लख असतो, त्यामुळे त्या पट्ट्यातला आवाज तेवढ्याच जोराचा असूनही जास्त बोचतो. त्याच सॉफ्टवेअरमध्ये स्पेक्ट्रोग्रामचं, म्हणजे कोणत्या उंचीचा सूर किती जोरात आहे ते रंगानं दाखवणारं, चित्र निवडा. या पट्ट्यात सतत उजळ रंग दिसला तर सावध व्हा. गायिकेचा 'स' सळसळत असेल तर तो बहुधा त्याच्याही वरच्या पट्ट्यात दिसेल.

४. डेसिबलच्या आकड्यावर विसंबू नका

जागतिक आरोग्य संघटना मोठ्यांसाठी आठवड्याला ४० तास ८० डेसिबल आणि मुलांसाठी ७५ डेसिबल ही मर्यादा सांगते. पण ती ऐकण्याची शक्ती शाबूत राहावी यासाठी आहे. नाजूक कानाला ६० डेसिबललाही त्रास होऊ शकतो. फोनवरच्या मोजणीचा उपयोग दोन गाण्यांची तुलना करण्यापुरताच.

गाण्यांचे आवाज समान करण्याची सोय अनेक अ‍ॅपमध्ये असते, ती चालू करा. एका गाण्यावरून दुसऱ्यावर जातानाचा धक्का कमी होतो. गाण्याच्या पोटातला दचका तसाच राहतो. फुकटच्या अ‍ॅपमधल्या जाहिराती विसरू नका. इतकं तपासून मध्येच जाहिरात केकाटली तर सगळं मुसळ केरात.

५. गुण देऊ नका, नोंद लिहा

'दहापैकी सात' याचा कुणाला काय उपयोग? माझी नोंद अशी असते: "सुरुवात हळू. १ मिनिट ४० सेकंदांवर शांतता, मग एकदम ढोल. शेवटी शिट्टी, दोनदा. फोनवर जास्त टोचते." ऑडॅसिटीत ढोलाचा तेवढा तुकडा निवडून आवाज उतरवता येतो. घरच्यापुरतं तेवढं पुरतं.

६. शेवटचा निकाल ऐकणाऱ्याचा

आधी अर्धा मिनिट ऐकवा, तेही आवाजाचं बटण त्याच्या हातात देऊन. लहान मूल सांगणार नाही. खांदे वर गेले, स्वतःशीच गुणगुणू लागलं किंवा पाणी प्यायला म्हणून उठून गेलं, तर समजा. आज चाललेलं गाणं दमलेल्या दिवशी चालेलच असं नाही, म्हणून एक मोकळी, शांत खोली ठेवा. हा त्रास नव्यानं सुरू झाला असेल किंवा कान दुखत असेल, तर यादी बाजूला ठेवून कानाच्या डॉक्टरांकडे जा.

यंदा भाच्यानं स्वतःच यादी केली. चार गाणी. त्यातलं एक ढोलाचं आहे, पण ढोल कधी येतो ते त्याला पाठ आहे.