बॉल काढायचाय? आधी पाय आवरा

दर रविवारी फुटबॉलच्या सरावाला एखादा पोरगा येऊन म्हणतो, ‘सर, टॅकल शिकवा ना,’ म्हणजे समोरच्याच्या पायातला बॉल कसा काढायचा ते. उभं कसं राहायचं, हे आजवर एकानेही विचारलेलं नाही. बांद्र्यात नेव्हिल डिसोझांच्या नावाचं मैदान आहे. 1956च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियावर हॅटट्रिक मारणारे ते फॉरवर्ड. स्टॉपरच्या, म्हणजे मागे मधोमध राहून अडवणाऱ्याच्या, नावाचं मैदान मला तरी मुंबईत माहीत नाही. त्यामुळे मागे खेळायला कोणी हौसेने येत नाही, हे समजू शकतो. पण आलाच आहात, तर निदान खालचे घोळ घालू नका.

पहिला आणि सगळ्यांत महाग घोळ म्हणजे समोरचा आला रे आला की पाय टाकणं. तीन वर्षांपूर्वीची जुलैतली गोष्ट. वडाळ्याला आमच्या सोळा वर्षांखालच्या पोरांची सेमीफायनल, मैदानाचा नुसता राडा झालेला. आम्ही 1-0ने पुढे, पाच मिनिटं बाकी. त्यांचा विंगर लाइनला चिकटून येत होता. गोल तिथून तीसेक मीटर लांब, म्हणजे कसलाही धोका नाही. आमच्या लेफ्ट बॅकने स्लाइड मारली. विंगरने बॉलवर नुसता तळवा ठेवला आणि आमचा गडी त्याच्या समोरून घसरत थेट लाइनबाहेरच्या पाण्याच्या बाटल्यांत. त्याची जागा भरायला स्टॉपर बाहेर आला, मध्ये खिंडार पडलं, क्रॉस, गोल. वर हा पठ्ठ्या चिखल पुसत उठला आणि गोलीवर ओरडला! टायब्रेकरमध्ये हरलो.

त्या दिवसापासून मी पोरांना कबड्डी बघायला सांगतो. कोपऱ्यातला चांगला खेळाडू चढाईवाल्यावर आल्या आल्या झेप घेत नाही. पकड सुटली तर समोरच्याला गुण आणि हा बाहेर. चढाईवाल्याचा पाय पुढे येईपर्यंत, तोल जाईपर्यंत तो थांबतो. इथेही तेच. अंग थोडं तिरकं, गुडघे वाकलेले, दीड हाताचं अंतर, नजर बॉलवर. त्याच्या खांद्यांवर नको, खांदे खोटं बोलतात. त्याला हळूहळू लाइनकडे ढकलत न्यायचं. लाइन हा तुमचा फुकटचा बारावा खेळाडू. बॉल त्याच्या पायापासून पाऊलभर सुटला की मगच पाय घाला.

माझ्याकडे सरावाची पहिली वीस मिनिटं बॉल काढायला बंदी असते. हात पाठीमागे धरायचे आणि फक्त समोर राहायचं. दर सीझनला दोन-तीन पोरं कंटाळून सोडून जातात. जाऊ देत.

दुसरा घोळ टीव्हीने आणलाय. क्लॉप कोच असतानाच्या लिव्हरपूलचं प्रेसिंग, म्हणजे बॉलवाल्यावर सगळ्यांनी मिळून धावून जाणं, बघून आमचा फॉरवर्ड एकटाच सुसाट त्यांच्या स्टॉपरवर धावतो. मागचे तिघे शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर फिरायला आल्यासारखे. एक साधा पास, की हा बाद आणि मधलं मैदान त्यांना आंदण. धावायचं तर सगळ्यांनी, नाहीतर कोणीच नाही. आणि केव्हा धावायचं हे आधी ठरवा: त्यांचा माणूस स्वतःच्याच गोलकडे तोंड करून बॉल घेतो तेव्हा, बॉल हवेतून खाली येतो तेव्हा, किंवा गोलीला मागे पास जातो तेव्हा. 1992पासून आपल्या माणसाने पायाने मुद्दाम दिलेला पास गोलीला हातात घेता येत नाही. त्याला पायानेच निस्तरावं लागतं, आणि आपल्याकडचे बहुतेक गोली पायाने घाबरट. आमच्यात ‘आता!’ ओरडायचा हक्क एकट्या सेंटर हाफला आहे.

पुढचे धावले की मागच्यांनीही वर सरकायचं, नाहीतर मध्ये लोकल जाईल एवढी जागा उरते. कोच साक्कींच्या मिलान या इटालियन क्लबने 1989 आणि 1990ला लागोपाठ युरोपियन कप जिंकले, तेव्हा त्यांचा अख्खा संघ असाच आवळलेला असायचा. मी चार बॅकच्या हातात कपडे वाळत घालायची नायलॉनची दोरी देतो, दोघांत सातेक मीटर. एक सरकला की बाकीच्यांच्या मुठीला हिसका बसतो. लोक हसतात. पण माझ्या तोंडी लेक्चरपेक्षा दोरी लवकर कळते.

बाकीचं थोडक्यात. काढलेला बॉल डोळे मिटून उडवू नका. पहिला पास जवळच्या, मोकळ्या माणसाला. थ्रो-इनवर ऑफसाइड ट्रॅप लावून (सगळे बॅक एकदम पुढे सरकून समोरच्याला ऑफसाइडमध्ये पकडायला बघत) हात वर करणाऱ्यांनो, थेट थ्रोवर ऑफसाइड नसतो. भाड्याच्या टर्फवर स्लाइड मारू नका, मांडी सोलून निघते. आणि टर्फचे शूज घालून पावसात मातीवर येऊ नका, स्टड घ्या. दर जुलैत सांगतो, आणि दर जुलैत कोणीतरी त्या बाटल्यांत जातोच.